कुठे, किती, कधीपासून

*चिठ्ठी*
*वस्तू: काळा कोट, पुरुषाचा*
*कुठे: दोन्ही बाह्या*
*किती: पाऊण इंच कमी*
*कधीपासून: विकत घेतल्यापासून*
*हवा: आज, चार वाजता*
*शेरा: उद्या निवृत्तीचा समारंभ. घाई.*

ही चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. ती काळ्या कोटाच्या कॉलरला टाचलेली होती. तो कोट त्या दिवशी चार वाजता तयार झाला नाही. दुकानाच्या बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

आम्ही नवे कपडे शिवत नाही. लोकांचे असलेले कपडे लोकांना बसते करून देतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. नणंद-भावजयीचं एका छपराखाली पटत नाही म्हणतात. आम्ही तर एका टेबलाच्या दोन बाजूंना बसतो. पटतं असं नाही, भांडायला वेळ नसतो.

चिठ्ठीची पद्धत वन्संची. ‘जरा बघा हो, कसंतरीच बसतंय’ असं म्हणत आलेल्या माणसाचा कपडा त्या हातात घेत नाहीत. कुठे, किती, कधीपासून, हे तीन रकाने भरले तरच कपडा टेबलावर येतो. त्यातला कधीपासून सगळ्यात महत्त्वाचा. धुतल्यापासून घट्ट होत असेल तर कापड आटलं. दोन वर्षांपासून होत असेल तर कापड बिचारं होतं तेवढंच आहे. हे वन्सं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात, आणि मग मी त्याला खुर्ची देते.

*

दुसरी चिठ्ठी लिहिलीच गेली नाही. लिहिली असती तर ती अशी असती:

*वस्तू: वन्सं*
*कुठे: जबडा, खाली डावीकडे. कधी कधी दोन खांद्यांच्या मधे.*
*किती: माळ्याचा जिना चढताना. बसलं की जातं.*
*कधीपासून: पंधरा दिवस*
*शेरा: काही नाही.*

“जबडा धरलाय,” वन्सं एकदा म्हणाल्या होत्या, तेही दोरा तोडता तोडता.

“दात दाखवून या.”

“दाताचं नाही. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरल्यात, दुखणारच. तुझं बरंय वहिनी. तुझ्या जबड्याला दिवसभर व्यायाम असतो.”

खरंच होतं. लोक मूग गिळून गप्प बसतात, वन्सं टाचण्या धरून. फिटिंग करताना आठ-दहा टाचण्या त्यांच्या ओठांत असायच्या, आणि त्या तशाच अवस्थेत गिऱ्हाइकाला रागावूही शकायच्या.

मी मखमलीच्या तुकड्यात भुसा भरून मनगटाला बांधायची टाचण्यांची गादी करून दिली. वन्सं डावखुऱ्या, म्हणून गादी उजव्या मनगटाला. आधी कुरकुरल्या, “मांजराला घंटा बांधल्यासारखी काय बांधतेस,” मग सवय झाली. ओठ मोकळे झाले, म्हणून मी खूश. रोग ओळखला, उपाय केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा असतो.

पाठीचं कारणही वन्संकडे तयार होतं. टेबल दोन इंच खाली आहे. दमायला होतं? वय. मळमळतं? सकाळचा चहा. प्रत्येक दुखण्यावर त्यांनी एकेक कारण टाचून ठेवलं होतं, आणि टाचण्या पुरवायला मी होतेच.

*

आता तो दिवस. सकाळचे अकरा.

काळ्या कोटाचे मालक बसचालक. छत्तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवून दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार होते. आरशासमोरच्या चौरंगावर ते हात खाली सोडून उभे होते. वन्सं माळ्यावरून खडूचा डबा घेऊन उतरल्या. चौदा पायऱ्या. त्यांनी डाव्या बाहीला एक टाचणी लावली, मग दुसरी, मग तिसरी.

चौथी लागली नाही. त्यांनी टेबलाची कड धरली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. जबडा.”

कपाळावर घाम होता. दुकानात पंखासुद्धा लावला नव्हता इतकी थंड सकाळ, आणि वन्संच्या कानामागून पाणी ओघळत होतं. चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या अस्तरासारखा झाला होता.

“टाचण्यांनी होतं ते,” त्या म्हणाल्या.

माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. बाकीच्या टाचण्या सगळ्या तिथे होत्या. मखमलीत, ओळीनं. नऊ दिवस एकही टाचणी त्यांच्या तोंडात गेली नव्हती.

“वन्सं,” मी म्हटलं, “तोंडात टाचणी नाही. मग जबडा कशानं दुखतोय?”

त्यांनी मनगट वळवून गादीकडे पाहिलं.

“वर होते तेव्हापासून आहे,” म्हणाल्या. “पाठीत कुणी गुडघा रोवल्यासारखं. एवढा कोट टाचून होऊ दे, मग बसते.”

“बाई, कोट राहू द्या,” बसचालक म्हणाले. “मी नुसत्या शर्टावर जाईन.”

“तुम्ही हलू नका. बाही सरकेल.”

मी फोन उचलला.

*

— रुग्णवाहिका. कुठे दुखतंय?

— जबड्यात. आणि पाठीत, मधोमध.

— छातीत?

— थांबा, विचारते… दुखत नाही म्हणतात. आवळून धरल्यासारखं आहे.

— किती आहे?

— दरदरून घाम आहे. मळमळतंय.

— बसल्यावर कमी होतं का?

— एरवी व्हायचं. आज नाही.

— एरवी म्हणजे? कधीपासून?

— पंधरा दिवस. आजचं वीस मिनिटं.

— वय?

— अठ्ठावन्न. … सत्तावन्न म्हणतात.

— गाडी निघाली. त्यांना खाली बसवा. पाठ भिंतीला, गुडघे वर. चालू देऊ नका.

— इथे एक बसचालक आहेत. ते म्हणतात, मीच नेतो, लवकर पोचू.

— नको. वाटेत हृदय बंद पडलं तर स्टिअरिंग धरून ते काय करणार? आमच्या गाडीत यंत्र आहे. अ‍ॅस्पिरिन आहे का जवळ?

— बटणांच्या खणात आहे. माझ्या डोकेदुखीची.

— त्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी? पोटात अल्सर? कुठून रक्त जातंय? रक्त पातळ करायचं औषध चालू आहे?

— नाही. नाही. नाही. नाही.

— किती मिलिग्रॅमची गोळी आहे, वाचा.

— तीनशे.

— एक द्या. चावून खायला सांगा, नुसती गिळायची नाही. दार उघडं ठेवा. फोन ठेवू नका.

*

फोनवर बोलताना माझ्यासमोर चिठ्ठ्यांचं पॅड होतं. नंतर पाहिलं तर सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर मी नकळत तिन्ही रकाने भरले होते. पंधरा दिवस ती चिठ्ठी कुणीतरी भरायला हवी होती, आणि शेवटी एका अनोळखी बाईनं फोनवरून भरून घेतली.

वन्सं भिंतीला टेकून बसल्या. बसचालक दारात उभे राहिले, एका बाहीला तीन टाचण्या, दुसरी मोकळी. येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते हातानंच थांबवत होते, बस भरली की थांबवतात तसे.

“गोळी कडू आहे,” वन्सं म्हणाल्या.

“चावा.”

“चिठ्ठीवर चार वाजता लिहिलंय.”

“चावा म्हटलं ना.”

त्यांनी गोळी चावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माझी कात्री कुणाला देऊ नकोस. उजव्या हातानं धरली तर धार जाते तिची.”

घाम पाहून मी इतकी घाबरले नव्हते. हे ऐकून घाबरले.

नऊ मिनिटांत गाडी आली. एक बाई आणि एक पुरुष, दोघंही घाई न करता भराभर काम करणारे. बाईनं वन्संच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, तारा जोडल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. ती तिनं उजेडाकडे धरून पाहिली, वन्सं शिवण पाहतात तशी, ओठ मिटून.

“हा हृदयविकाराचा झटका आहे,” ती वन्संनाच म्हणाली. “मी हा कागद पुढे पाठवलाय. तुम्हाला थेट अँजिओग्राफीच्या खोलीत घेतील.”

“जबड्यात?”

“दुखतंय जबड्यात. बंद पडलंय हृदयाकडे जाणारं रक्त. हृदय पुष्कळदा दुसऱ्याच्या नावानं तक्रार करतं. बायकांचं जरा जास्तच.”

मग तिनं वन्संच्या उजव्या मनगटावरची गादी सोडली आणि माझ्या हातात दिली. “हे मनगट मोकळं लागेल,” म्हणाली. “इथूनच आत जातात.”

*

रुग्णालयाच्या बाकावर मी ती गादी मांडीवर घेऊन बसले. टाचण्या मोजल्या. एकतीस. परत मोजल्या. एकतीस.

आमचे हे आले. बहिणीला लागेल म्हणून चष्मा घेऊन आले, तो माझा निघाला.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा पाऊण तास झाला होता. त्यांनी कागदाच्या पाठीमागे चित्र काढून सांगितलं. हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी गुठळीनं बंद झाली होती. मनगटातून बारीक नळी वर नेली, गुठळीतून तार घातली, फुगा फुगवून वाट केली, आणि तिथे जाळीची नळी बसवली. ती आता तिथेच राहणार.

“म्हणजे आतून अस्तर लावलं,” मी म्हटलं.

“तसं म्हणा.” डॉक्टर हसल्या नाहीत, पण बसल्या. “थोडा स्नायू गेला आहे. उरलाय तो भरपूर आहे. अजून तास-दोन तास त्या दुकानात थांबल्या असत्या तर मी हे म्हणाले नसते. तुमच्यापैकी कुणाच्या लवकर लक्षात आलं?”

“पंधरा दिवस उशिरा आलं,” मी म्हटलं.

वन्सं सगळा वेळ जाग्या होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं: “पडद्यावर माझंच आत चाललेलं दिसत होतं. काळे दोरे हलत होते आणि एक दोरा मधेच तोडलेला. मग तो पुढे लांब झाला, आणि जबडा सुटला. घट्ट टाका उसवावा तसा. मी त्या डॉक्टरबाईंना म्हटलं, हात चांगला आहे तुमचा.”

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या. कुठली सकाळी, कुठली झोपताना, कुठली वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही. मग मला दाराबाहेर बोलावलं.

“जाळी उघडी राहील ते मी बघते,” म्हणाल्या. “गोळ्या त्या घेतील, शिस्तीच्या वाटतात. मला काळजी एकाच गोष्टीची आहे. आज राउंडला मी विचारलं, काही होतंय का? त्या म्हणाल्या, काही नाही. परिचारिकेनं पाहिलं तर मनगट सुजलं होतं. पुढच्या वेळी काही झालं आणि त्यांनी अंगावर काढलं, तर मी इथे असून उपयोग नाही.”

*

चालण्याचा कागद, माझ्या अक्षरात, फ्रिजवर लावलेला:

पहिला आठवडा. पाच मिनिटं, दोनदा. घरापासून पत्रपेटीपर्यंत. बरोबर मी.

दिवस आठ. पत्रपेटीच्या पुढे, औषधाच्या दुकानापर्यंत. “मला म्हातारीसारखं धरू नकोस.” सोडलं.

दिवस नऊ. रडल्या. का? काही नाही.

दिवस दहा. चालल्या नाहीत. का? काही नाही.

दिवस अकरा. काही नाही.

दिवस बारा. मी भांडले.

भांडण कागदावर नाही, पण मला पाठ आहे.

“तुम्ही गिऱ्हाइकाला ‘कसंतरीच’ म्हणू देत नाही,” मी म्हटलं, “आणि स्वतः? मी काय तुमच्या आत शिरून माप घेऊ?”

“ओरडू नकोस. पेशंट आहे मी.”

“पेशंट असाल तर पेशंटसारखं सांगा. काय होतंय?”

त्यांनी खिडकीचा पडदा सरळ केला.

“भीती वाटते,” म्हणाल्या. “चालताना प्रत्येक पाऊल टाकून बघते, आत काही तुटतंय का. ठोका जरा जोरात पडला की वाटतं, झालं. आणि तुला सांगितलं की तू फोनकडे धावशील. मग परत ते बाक, तुझी ती मांडीवरची गादी. दादानं सांगितलं मला, तू टाचण्या मोजत होतीस.”

मी म्हटलं, “एकतीस होत्या.”

“तेहतीस. दोन तू हरवल्यास.”

त्या दिवशी आम्ही औषधाच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. जाताना त्या दोनदा थांबल्या. दोन्ही वेळा का थांबल्या ते सांगितलं. एकदा ठोक्यासाठी, एकदा चपलेत खडा गेला म्हणून.

चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा रुग्णालयातला व्यायामाचा वर्ग. जागच्या जागी चालवायच्या सायकली, भिंतीवर घड्याळ, नाडी मोजणारी एक शिक्षिका. अकरा पुरुष आणि वन्सं. “सगळ्यांना छातीत दुखलं होतं,” घरी येऊन म्हणाल्या. “मीच एक जबडेवाली. नाव पडलंय तेच.” तिथेच त्यांना कळलं की रडू सगळ्यांनाच येतं. अकरापैकी नऊ जणांनी कबूल केलं. उरलेल्या दोघांबद्दल वन्संचं मत होतं की ते खोटं बोलतात.

*

दुकान मी अर्धा दिवस उघडत होते. कापायचं काम आलं की अडायचं. माझ्या कात्रीचं काळं जाड कापड ऐकत नाही, आणि वन्संची कात्री मी हातात धरली नाही. तिच्यावरची धूळ मात्र पुसत होते.

काळा कोट परत आला तो सातव्या आठवड्यात. बसचालक स्वतः घेऊन आले. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी तो तसाच घातला होता, डाव्या बाहीला तीन टाचण्या, उजवी आत दुमडून. भाषणाला उभे राहिले तेव्हा हात वर करताना टाचणी टोचली. मग भाषण बाजूला राहिलं आणि ते बाईंची गोष्ट सांगत बसले. “आमच्या आगारातल्या तीन बायका दुसऱ्या दिवशी तपासून आल्या,” ते म्हणाले. “एकीला खरंच काहीतरी निघालं. बाई, आता बाह्या करा सावकाश.”

“सावकाश म्हणजे कधी?” वन्संनी विचारलं.

“गुरुवारी?”

“गुरुवारी चार वाजता,” म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहिली.

त्या आता दिवसाचे दोन तास येत होत्या. माळ्यावर मी जायचे. जड इस्त्री मी उचलायची. गादी त्यांच्या उजव्या मनगटाला, खाली कापल्याची बारीक खूण. बुधवारी डावी बाही झाली. गुरुवारी दुपारी दोन वाजता त्या उजवी बाही घेऊन बसल्या. मी मशीनवर होते. एका पडद्याला टीप मारत होते, लांबच लांब.

पडदा संपला तेव्हा लक्षात आलं की टेबलाच्या पलीकडून कात्रीचा आवाज येत नाही. मी मान वर केली. वन्संनी काळा कोट घडी करून बाजूला ठेवला होता. बाही अर्धी होती. त्यांनी एक चिठ्ठी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

*वस्तू: मी*
*कुठे: जबडा. डावीकडे, शेवटची दाढ.*
*किती: गार पाण्याला कळ. दाबलं की जास्त. आता जिना चढून पाहिला, जास्त होत नाही. घाम नाही. पाठ नाही.*
*कधीपासून: काल दुपारपासून. काल सांगितलं नाही. आज सांगते.*
*शेरा: कोट आज होणार नाही. गिऱ्हाइकाला कळवणे.*

मी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलली.

“जिना कशाला चढलात?” मी विचारलं.

“माप नको का घ्यायला? पण पुढच्या वेळी चढणार नाही. चूक होती ती.”

“दाढ आहे म्हणताय, तरी मी फोन करणार.”

“म्हणून तर लिहून दिलं. वाच त्यांना. मधे स्वतःचं घालू नकोस.”

मी वाचून दाखवलं, शब्द न बदलता. गाडी आली, तीच बाई. पट्टी निघाली, तिनं उजेडाकडे धरली, आणि या वेळी तिचे ओठ सुटले. तरी रक्त तपासायला नेलं, काही तास ठेवून घेतलं, दुसऱ्यांदा तपासलं. हृदय ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर. दाढ किडलेली होती, मुळापर्यंत. काढायला हवी. वन्संनी गोळ्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, न विचारता. “यातली एकही बंद करायची नाही,” ते वाचून म्हणाले. “तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलतो, मग तारीख देतो.”

बाहेर आल्यावर मी बसचालकांना फोन केला. गुरुवारी गडबडीत राहिलाच होता. कोट झाला नाही हे दुसऱ्यांदा सांगताना मला लाज वाटत होती.

“बाई बऱ्या आहेत ना?”

“आहेत. दाढ आहे.”

“मग होऊ द्या. मला आता कुठे वेळेवर पोचायचंय?”

वन्सं पुढे निघाल्या होत्या. पत्रपेटीपाशी त्या थांबल्या, गालाला हात लावून. मी त्यांना गाठलं.

“दाढेमुळे थांबले,” आपणहून म्हणाल्या. मग पुढे, “चाळीस वर्षं टाचण्या धरल्या ना. किडणारच.”

या वेळी मी वाद घातला नाही.